नमुनेवाले

नमुनेवाल्यांशी हस्तांदोलन करायला जाऊ नये. ते हात आखडता घेतात असं नाही; गृहस्थ सभ्य आहेत. पण पुढे आलेल्या हाताकडे ते अशा काही नजरेनं पाहतात, की त्या हाताच्या मालकाला आपण सकाळपासून कशाकशाला हात लावला ते आपोआप आठवू लागतं. लिफ्टचं बटण, बसचा दांडा, सुट्टे पैसे, कुणाच्या तरी पोराचं नाक. मग तो मुकाट्यानं हात जोडतो. नमुनेवाले प्रसन्न होऊन उलट नमस्कार करतात आणि त्या माणसाविषयी त्यांचं मत कायमचं चांगलं होतं.

चेन्नईत वेळाचेरीला आमच्याच इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात. जवळ पळ्ळिकरणैला राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्था आहे, तिच्या शेजारी किनाऱ्यांचं संशोधन करणारं केंद्र आहे, अलीकडे गिंडीला मद्रास विद्यापीठाचा भूविज्ञान विभाग आणि आयआयटी. समुद्रावर पोट असलेली माणसं या भागात पुष्कळ. त्यांतल्या नेमक्या कुठल्या दाराआड नमुनेवाले बसतात ते लिहायचं नाही, अशी त्यांची अट आहे. नाव छापायलाही मनाई आहे. इमारतीतली मराठी मंडळी त्यांना नमुनेवाले म्हणतात, तमिळ पोरं ‘मण्णु सार’ म्हणतात, म्हणजे मातीवाले सर, आणि दोन्ही नावं त्यांना मान्य आहेत. तसा हा वाण चेन्नईपुरता नाही. गोव्यात दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेत, वास्कोच्या ध्रुवीय केंद्रात, अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेत, जिथे जिथे समुद्राचा गाळ तपासतात तिथे तिथे एक तरी नमुनेवाला असतो. बाकीचे शोध लावतात. हा धुतो.

आमचे नमुनेवाले मूळचे सांगोल्याचे. सांगोला म्हणजे सोलापूर जिल्ह्यातला पावसानं वाऱ्यावर सोडलेला तालुका. तिथल्या माणसानं समुद्राच्या नादी लागावं याचं गावाला अजून नवल आहे. ‘पोरगा मद्रासला काय करतो?’ या प्रश्नाला त्यांचे वडील शेवटपर्यंत ‘समुद्राच्या खात्यात आहे’ एवढंच सांगत राहिले. चिखल धुतो असं सांगण्याची सोय नव्हती. त्यासाठी मद्रासपर्यंत कशाला जायला हवं, असं कुणीही विचारलं असतं.

समुद्राशी त्यांचं स्वतःचं नातंही फार जवळचं नाही. उमेदीच्या काळात ते एकदा संशोधनाच्या जहाजावर गेले आणि किनारा दिसेनासा होताच आडवे झाले, ते किनारा दिसल्यावरच उठले. तेव्हापासून समुद्रानं आपल्याकडे यावं, आपण समुद्राकडे जाऊ नये, हे त्यांनी ठरवून टाकलं. 2006 च्या ऑगस्टमध्ये ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे जगप्रसिद्ध खोदकामाचं जहाज भारताच्या किनाऱ्यांवरची गॅस हायड्रेटची मोहीम संपवून चेन्नई बंदरात आलं होतं. नमुनेवाले ते बघायला हौसेनं गेले. ‘वर या की’ असा आग्रह झाला, तेव्हा धक्क्याला बांधलेल्या त्या जहाजाकडे पाहूनच त्यांना घरचं महत्त्वाचं काम आठवलं.

तर समुद्र त्यांच्याकडे येतो, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून येतो. जहाजावरून जड पोलादी नळी तळात खुपसतात. तिच्या अस्तरात गाळाचा लांबच लांब दंडगोल भरून वर येतो, त्याला कोर म्हणतात. वरचा गाळ आजचा, खाली जावं तसा जुना. किनाऱ्यापासून लांब, खोल समुद्रात हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर गाळ साचतो. म्हणजे बोटाच्या जाडीत शिवाजी महाराजांपासून आपल्यापर्यंत सगळं आटोपतं, आणि खांद्यापर्यंत हात घातला तर बोटं हिमयुगाला लागतात. या कोरचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करतात. कापाची कड काढून टाकायची, कारण नळी घुसताना वरचा गाळ कडेनं खाली ओढला जातो आणि पेशवाईत इंग्रज वेळेआधीच शिरतात.

या गाळात फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांची कवचं असतात. जीव वाळूच्या कणाएवढा, कवच चुन्याचं. समुद्रातलं कॅल्शियम घेऊन तो घर बांधतो आणि बांधताना थोडं मॅग्नेशियमही आत घेतो. पाणी ऊबदार असेल तर जास्त घेतो; दर अंशाला सुमारे 9 टक्के. बोरॉनही घेतो, आणि त्या बोरॉनच्या ठेवणीवरून पाणी किती आम्ल होतं ते कळतं. ऑक्सिजनच्या समस्थानिकांची जोड दिली की खारटपणाचा अंदाज येतो. खारटपणावरून नद्यांनी समुद्रात किती गोडं पाणी ओतलं त्याचा, आणि त्यावरून पावसाचा. 2014-15 मध्ये याच ‘जॉइडिस रेझोल्यूशन’नं बंगालच्या उपसागरातून काढलेल्या कोरवरून शास्त्रज्ञांनी 9 लाख वर्षांच्या मोसमी पावसाचा हिशेब मांडला, त्यात या कवचांचीही साक्ष होती. सांगोल्याच्या माणसाचं समुद्रात काय अडलं आहे ते इथे उलगडतं. पाऊस पूर्वी किती पडायचा आणि का कमी व्हायचा, हा त्यांच्या घरचा प्रश्न आहे.

पण अडचण अशी, की कवच खरं बोलत असलं तरी त्याच्या अंगाला चिकटलेली चिकणमाती मध्ये बोलते. मातीत मॅग्नेशियम भरपूर. कवचाच्या एखाद्या कप्प्यात मातीचा कण राहून गेला की यंत्र तोही मोजतं आणि हिमयुगातल्या समुद्राला विनाकारण ताप चढतो. तो चढू न देणं हा नमुनेवाल्यांचा व्यवसाय.

त्यांच्या टेबलावर देवाची तसबीर नाही, कारण तसबिरीवर धूळ बसते. पण श्रद्धास्थान आहे, ते म्हणजे क्लेअर पॅटरसन. या अमेरिकन शास्त्रज्ञाला उल्केतलं शिसं मोजून पृथ्वीचं वय काढायचं होतं, आणि आकडे काही केल्या जुळेनात. शिसं भिंतीच्या रंगात होतं, धुळीत होतं, माणसाच्या केसांत होतं. मग पॅटरसननं प्रयोगशाळा घासायला घेतली. घासून घासून ती जगातल्या सर्वात स्वच्छ जागांपैकी एक झाली, तेव्हा 1956 मध्ये 455 कोटी वर्षं हा आकडा त्यानं छापला. आणि एवढं शिसं आलं कुठून, हे शोधत गेल्यावर तो मोटारींच्या पेट्रोलपर्यंत पोचला व तेल कंपन्यांशी भांडत बसला. आपल्याकडे शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं. नमुनेवाले ही कथा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगतात. तात्पर्य असं, की पृथ्वीचं वय सगळेच विचारतात. फरशी पुसायला कुणी तयार होत नाही.

चेन्नई मात्र या धंद्याच्या मुळावर उठलेलं शहर आहे. पहाटे उठून बायका दारापुढे सडा घालतात आणि कोलम काढतात. कोलम तांदळाच्या पिठाचा असेल तर नमुनेवाले आदरानं वळसा घालून जातात. पण बाजारात कोलमसाठी दगडाची पांढरी भुकटीही मिळते, आणि तिच्यात चुनखडी असेल या कल्पनेनंच त्यांचा पाय थबकतो. कवच ज्याचं बनलं तेच द्रव्य हे, बुटाला लागून प्रयोगशाळेत यायचं! समोरच्या मामींनी मार्गळीच्या महिन्यात जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत कोलम उतरवला, तेव्हा ते महिनाभर मागच्या जिन्यानं जात राहिले. मामींना वाटलं, उधारी थकली असेल.

प्रयोगशाळेतला मदतनीस रोज कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून येतो. धर्माच्या बाबतीत बोलायचं नाही, पण भस्म म्हणजे राख, आणि राखेत काय नसतं? शेवटी तह झाला. देव कपाळावर राहील, टोपी भुवयांपर्यंत राहील. विद्यार्थिनींच्या वेणीतला मोगऱ्याचा गजरा दाराबाहेरच्या खुंटीवर टांगायचा. शुक्रवारी कार्यालयात सांब्राणीचा धूर फिरवतात, त्या दिवशी नमुनेवाले सुट्टी घेत नाहीत. उलट लवकर येऊन दाराच्या फटीला चिकटपट्टी लावतात आणि आत बसतात.

आमच्या इमारतीचा कॅरम तर त्यांच्यामुळे गच्चीवर गेला. चेन्नई हे कॅरमचं शहर. विश्वविजेता आणि अर्जुन पुरस्काराचा मानकरी मारिया इरुदयम इथलाच. गल्लीबोळांत पाट मांडलेले असतात, आणि पाटावर सोंगटी सरसर पळावी म्हणून टाकतात ती बोरिक पावडर. बोरिक म्हणजे बोरॉन. एका आठवड्यात नमुनेवाल्यांकडे बोरॉनचे नमुने होते. या कामात एका नमुन्यातलं बोरॉन काही नॅनोग्रॅम भरतं, आणि एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. खालच्या मजल्यावर रविवारी स्पर्धा रंगात आली होती. कुणीतरी चिमूटभर पावडर हवेत उडवली आणि तेवढ्यात नमुनेवाले जिन्यावरून उतरले. त्यांनी जो चेहरा केला तो बघून खेळणाऱ्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर कुणीतरी गेलं. दोघे तर पाट सोडून सांत्वनाला उठले. नमुनेवाले हात वर करून मागे मागे सरकत घरात गेले, आंघोळ केली, शर्ट पिशवीत बांधला आणि तो आठवडा संपेपर्यंत कुणाच्याही घरी पाऊल टाकलं नाही. शिक्षा म्हणून नव्हे. कुणाच्या घरात झुरळांसाठी काय टाकलं असेल याचा भरवसा काय?

बोरॉन आहेच तसं आगंतुक. प्रयोगशाळेतल्या साध्या काचेत ते असतं, म्हणून काचेची भांडी बाद. हवा गाळून घ्यावी, तर गाळणीच्या जाळीत काचेचे धागे असतात, म्हणून जाळीही वेगळी मागवावी लागते. आणि सर्वात मोठा शत्रू रोज दुपारी येतो. उन्हानं भाजून निघालेली चेन्नई ज्या समुद्रवाऱ्याची वाट बघत बसते, त्या वाऱ्यात खाऱ्या पाण्याचे तुषार असतात आणि तुषारांत बोरॉन. शहर खिडक्या उघडतं तेव्हा नमुनेवाले लावून घेतात. हजारो वर्षांपूर्वीच्या समुद्राशी ज्याला बोलायचं आहे, त्याला आधी आजचा समुद्र दाराबाहेर ठेवावा लागतो.

बाकी कामाची पद्धत सांगायला सोपी आहे. गाळ भिजत घालायचा, 63 मायक्रॉनच्या चाळणीतून पाण्याखाली धुवायचा. माती वाहून जाते, कवचं वर राहतात. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलिन ब्लूच्या निळ्या रंगात बुडवायची. म्हणजे आधीच्या नमुन्यातलं एखादं कवच जाळीत अडकून राहिलं असेल तर निळं होऊन पुढच्या नमुन्यात ओळखू येतं. पांढऱ्या घोळक्यात निळं कवच दिसलं, की नमुनेवाल्यांना चोर पकडल्याचा आनंद होतो. मग सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या तबकडीत कवचं पसरून हव्या त्या जातीची वेचायची. ग्लोबिजेरिनॉइडिस रूबर, पांढरा प्रकार, 250 ते 355 मायक्रॉनमधली. ती उचलायला तीन शून्यांच्या नंबराचा बारीक कुंचला, त्याचं टोक पाण्यानं ओलं केलेलं. तीस-चाळीस कवचं वेचली तरी वजन अर्धा मिलिग्रॅम भरत नाही.

या वेचण्यासाठी नमुनेवाल्यांनी जो त्याग केला तो चेन्नईत राहणाऱ्यालाच कळेल. ते दुपारी चारपर्यंत कॉफी घेत नाहीत. कोपऱ्याकोपऱ्यावर डिग्री कॉफीचा दरवळ सुटलेला असताना हा माणूस हात थरथरेल म्हणून नाक दाबून पुढे जातो. मे महिन्यात पंखा बंद, कारण वाऱ्यानं कवच उडतं. घामाचा थेंब पडेल म्हणून कपाळाला पट्टी. श्वास अर्धा घ्यायचा आणि सोडायचा तो बाजूला मान वळवून. एकदा शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोडणीच्या मिरच्यांचा डबा उघडला. नमुनेवाल्यांनी शिंक खूप अडवून धरली. पण शेवटी ती आली, आणि सबंध सकाळभर वेचलेलं हिमयुग उडालं. डबेवाल्याला ते एक शब्दही बोलले नाहीत. तबकडी पुन्हा भरली, मान खाली घातली आणि हिमयुग पहिल्यापासून सुरू केलं.

वेचून झालं की आंघोळी. कवचं दोन काचांमध्ये अलगद दाबून कप्पे उघडायचे, पण भुकटी होऊ द्यायची नाही. मग अर्ध्या मिलिलिटरच्या नळीत घालून अतिशुद्ध पाणी; ध्वनिलहरींनी थरथरवायचं, माती वर तरंगली की काढून टाकायची; पुन्हा पाणी, पुन्हा पुन्हा पाणी; मग मिथेनॉल, परत पाणी. मग सेंद्रिय अंश जाळायला गरम अल्कलीत हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि बुडबुडे अडकू नयेत म्हणून नळीला टिचक्या. शेवटी अत्यंत सौम्य नायट्रिक आम्लाचा एक हात. तोही घड्याळ लावून, अर्धं मिनिट.

त्यांच्या पंढरपूरच्या आत्या रामेश्वरच्या यात्रेला निघाल्या होत्या, तेव्हा वाटेत त्यांच्याकडे उतरल्या. आत्या कडक सोवळ्यातल्या. भाच्याचं काम बघायचं म्हणाल्या, म्हणून त्यांना प्रयोगशाळेच्या बाहेर काचेच्या खिडकीशी खुर्ची दिली. आत चिकट चटईवर पाय पुसून, झगा, टोपी, हातमोजे घालून मदतनीस काम करत होता.

“पाणी कुठलं रे?” आत्यांनी विचारलं.

“टँकरचंच, आत्या. पण इतक्या गाळण्यांतून काढतो, की त्यात क्षार म्हणून उरत नाही.”

“प्यायला?”

“ते प्यायचं नसतं.”

“म्हणजे देवाचं,” आत्या म्हणाल्या. “आणि भांडी?”

“आम्लात बुडवून ठेवतो, मग तीन वेळा धुतो.”

“चौथ्यांदा धुवावीत. तीन मोजताना माणूस चुकतो.”

नमुनेवाले हे वाक्य टिपून घेणार, इतक्यात आत्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि काचेवर बोट आपटत ओरडल्या, “शिवला! चष्म्याला शिवला तो!” मदतनिसाचा चष्मा घसरला होता आणि त्यानं हातमोज्याच्याच बोटानं तो वर सरकवला होता. नमुनेवाल्यांचं लक्ष नव्हतं. मदतनिसाचं तर नव्हतंच. हातमोजे बदलले, नळी बाद झाली, आणि शोधनिबंधांच्या परीक्षकांशी उभं आयुष्य भांडलेल्या या माणसानं पहिल्यांदाच एक आक्षेप विनाअट मान्य केला.

तेव्हापासून लोक त्यांच्या कामाला सोवळं म्हणतात. तुलना बसते, पण एका जागी उसवते. आत्यांच्या सोवळ्यात बाटवणारा नेहमी दुसरा असतो; त्या सोवळ्यानं गावातल्या निम्म्या लोकांना पिढ्यानपिढ्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. नमुनेवाल्यांच्या सोवळ्यात मनुष्यमात्र ओवळा, आणि त्या यादीत पहिलं नाव स्वतःचं. आपला घाम, आपले केस, आपला श्वास, आपल्या हातमोज्याची पावडर. कुणाला आत घेऊ नये हा त्यांचा प्रश्नच नाही. आपण आत गेल्यानं काय बिघडलं, एवढंच ते शोधत असतात.

2019 च्या उन्हाळ्यात त्यांची खरी कसोटी लागली. पूंडी, चोळावरम, रेड हिल्स आणि चेंबरम्बाक्कम, चेन्नईला पाणी देणारे चारही तलाव आटले. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणायची वेळ आली, एका गाडीला 25 लाख लिटर. आमच्या इमारतीत टँकर आला की सुशिक्षित माणसं एकमेकांच्या बादल्या मोजत. नमुनेवाल्यांची झोप उडाली. कवचांच्या आंघोळीला तसं थेंबभर पाणी लागतं. खरं पाणी खाते ती चाळणी, आणि शुद्ध पाण्याचं यंत्र थोडं शुद्ध देताना बरंच टाकून देतं. सांगोल्याच्या माणसाला टाकलेलं पाणी दिसलं की पोटात कालवतं. त्यांनी यंत्राच्या मागे पिंप लावलं आणि ते पाणी स्वच्छतागृहांना आणि झाडांना दिलं. चाळणीचं काम पाऊस येईपर्यंत बंद, तोवर आधी धुतलेल्या गाळातली कवचं वेचायची असा हुकूम काढला. घरी स्वतःची आंघोळ अर्ध्या बादलीवर आणली. वहिनी वैतागल्या. “अहो, त्या शिंपल्यांना आठ पाणी आणि तुम्हाला अर्धी बादली?” नमुनेवाले शांतपणे म्हणाले, “मला कुठे यंत्रात घालायचंय?”

त्यांच्या कारकिर्दीचं सार मात्र एका रिकाम्या नळीत आहे. प्रत्येक फेरीत ते एक नळी अशी ठेवतात, की जिच्यात कवच नसतं. बाकी सगळं तेच. तेच पाणी, तेच मिथेनॉल, त्याच टिचक्या, तेवढीच मिनिटं. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्ये यंत्राला जे सापडतं ते समुद्राचं नव्हे, आपलं. लोक पगारवाढ झाली म्हणून पेढे वाटतात, नमुनेवाले ब्लँक शून्याजवळ आला म्हणून मैसूरपाक वाटतात. ‘काय सापडलं?’ असं कुणी विचारलं तर उजळलेल्या चेहऱ्यानं सांगतात, ‘काही नाही!’

तिरुनेलवेलीहून आलेल्या एका हुशार विद्यार्थिनीचा पहिला निकाल आला तेव्हा विभागात खळबळ उडाली. तिच्या आकड्यांप्रमाणे हिमयुगातला बंगालचा उपसागर आजच्यापेक्षाही ऊबदार निघत होता. मार्गदर्शक निबंधाचं शीर्षक ठरवायला बसले. नमुनेवाल्यांनी चष्मा पुसला आणि दोन प्रश्न विचारले. अ‍ॅल्युमिनियम किती? आणि ब्लँक कुठाय? कवचात अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ नसतं, मातीत खच्चून असतं. अ‍ॅल्युमिनियम भरमसाट होतं. ब्लँक ठेवलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिच्या शेजारी बसले आणि दोघांनी कवचं नव्यानं वेचली. ताप उतरला. समुद्र आजच्यापेक्षा काही अंश थंड निघाला, हिमयुगात असायला हवा तसा. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. नमुनेवाले म्हणाले, “आता आणखी एकदा करू.”

“का सार? आता तर बरोबर आलं!”

“म्हणूनच. नको तो आकडा आला तर माणूस आपणहून तपासतो. हवा तो आला, की कोण तपासणार?”

तिसऱ्यांदाही तोच आकडा आला. निबंध छापून आला तेव्हा नमुनेवाल्यांचं नाव शेवटी, आभारांत होतं. त्यांनी ते वाचलं, आणि आपल्या नावात एक वेलांटी चुकीची आहे हे सोडून बाकी काहीही खटकत नाही असं जाहीर केलं.

धुण्यालाही शेवट असावा लागतो, हे त्यांना ठाऊक नाही असं नाही. प्रत्येक पाण्याबरोबर थोडं कवचही जातं. सगळे सोपस्कार होईपर्यंत निम्मं हाती लागलं तरी नशीब. तरुणपणी त्यांनी एक नमुना इतक्या मनापासून धुतला, की यंत्राला त्यात कॅल्शियमच सापडेना. कुणाला वाटलं हे शल्य असेल. छे! ‘माझ्या हातून गेलेला सर्वात स्वच्छ नमुना,’ असं ते त्याविषयी आजही सांगतात. कुठे थांबायचं हे पुस्तकात मिनिटांनी लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ते हाताला कळावं लागतं, आणि ज्या हाताला ते कळतं, त्याच हातावर संशय घेत त्यांची तीस वर्षं गेली आहेत. त्यांना भ्रष्ट कंत्राटदार सहन होतो, खोटं बोलणारा पुढारी सहन होतो. ‘मला खात्री आहे’ असं म्हणणारा माणूस मात्र सहन होत नाही.

हे सगळं लिहून मी त्यांना वाचायला दिलं. कागद कडेला धरून, दिव्याखाली नेऊन त्यांनी ते सावकाश वाचलं. ‘9 टक्क्यांच्या आधी सुमारे लिहिलंत, हे बरं केलंत,’ म्हणाले. आत्यांच्या प्रसंगावर हसले. मग कागद उलटा करून पाठची बाजू बघितली आणि विचारलं, “ब्लँक कुठाय?”

“कसला ब्लँक?”

“याच टेबलावर बसून, याच पेनानं, याच कागदावर, पण माझ्याविषयी नसलेलं काहीतरी लिहा. त्यात तुमचा नेहमीचा विनोद किती निघतो ते बघा, आणि तेवढा यातून वजा करा. उरेल तेवढा मी.”